अर्धी केलेली गोळी आणि 1982चा तमिळ चित्रपट: एका स्वमदत गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर चेन्नईत, पेरांबूरच्या आसपास, स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरच्यांचा एक छोटा स्वमदत गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तो एका शाळेच्या रिकाम्या वर्गात भरतो. बाकांवर बसायचं, सुंडल आणि फिल्टर कॉफी घ्यायची आणि महिनाभर कुणापुढे काढता न आलेला विषय काढायचा, एवढाच कार्यक्रम असतो. पुण्या-ठाण्याकडच्या अशा गटांत काळजी घेणाऱ्याला शुभंकर आणि आजारातून वाट काढणाऱ्याला शुभार्थी म्हणतात. इथेही तेच शब्द वापरले आहेत. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

24 मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया दिवस. त्या निमित्ताने काहीतरी करावं असं ठरलं, तेव्हा बँकेतून निवृत्त झालेल्या एका सदस्यांनी के. बालचंदर यांचा ‘अग्नि साक्षी’ दाखवायची कल्पना मांडली. मराठी वाचकाला या नावावरून नाना पाटेकरचा 1996चा हिंदी चित्रपट आठवेल. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हा 1982चा तमिळ चित्रपट. शिवकुमार आणि सरिता नवरा-बायको आहेत, संगीत एम. एस. विश्वनाथन यांचं आहे, आणि रजनीकांत व कमल हासन पाहुणे म्हणून स्वतःच्याच भूमिकेत येऊन जातात. बायकोचं मन आजारी पडत जातं आणि नवरा तिला सोडत नाही, ही मुख्य कथा. एवढी नावं असूनही तिकीटबारीवर तो चालला नाही. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी गायलेलं ‘कना काणुम कण्गळ मेल्ल’ मात्र आजही चेन्नईतल्या पन्नाशीपुढच्या माणसांना तोंडपाठ असतं.

तमिळ पडद्यावर त्याआधी वेड नव्हतं असं नाही. 1970 साली शिवाजी गणेशन आणि जयललिता यांचा ‘एंगिरुंदो वंदाळ’ आला. त्याच वर्षी संजीव कुमारने हिंदीत ‘खिलौना’ केला, गोष्ट तीच. प्रेयसी गेली म्हणून भ्रमिष्ट झालेला तरुण आणि त्याला माणसांत आणण्यासाठी घरात आणलेली बाई. तिथे वेड हा धक्क्याचा परिणाम आहे आणि प्रेम हे त्याचं औषध. ‘अग्नि साक्षी’ त्यापेक्षा बराच पुढे गेला. त्याने आजार आजार म्हणून कथेच्या मधोमध ठेवला आणि तो संसारात आणून बसवला. त्या काळाच्या मानाने हे धाडसच होतं. देशात तेव्हा 1912चा ‘ल्युनसी ॲक्ट’, म्हणजे वेड्यांविषयीचा कायदा, लागू होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच 1982 साली सुरू झाला. डॉ. शारदा मेनन यांच्या पुढाकाराने चेन्नईत स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन 1984 मध्ये उभं राहिलं, म्हणजे चित्रपटानंतर. आपल्याकडे थट्टेत ‘ठाण्याला’ किंवा ‘येरवड्याला’ पाठवतात तसं तिथे ‘कीळ्पाक’ला पाठवतात. 1982च्या प्रेक्षकाला या विषयाची ओळख बहुतेक एवढीच होती.

अडचण

गटातल्या ज्येष्ठांना चित्रपट हवा होता, त्यात सरिता आणि गाणी यांचा वाटा मोठा होता. गटाच्या समाजसेविकेला शंका होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटातलं औषधोपचाराचं चित्र आजच्या घरांना कितपत लागू पडेल? त्या काळी हाताशी क्लोरप्रोमाझिन, हॅलोपेरिडॉल, महिन्या-पंधरवड्याने द्यायचं फ्लूफेनाझिनचं इंजेक्शन आणि विजेचे उपचार होते. आज गटातले बहुतेक शुभार्थी ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोन घेऊन नोकरी-धंदा सांभाळतात. शिवाय गोष्ट नवऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेली. खोलीत ज्या बायका बसणार, त्यांतल्या निम्म्या पडद्यावरच्या बाईच्या जागी असणार.

दुसरी अडचण तेव्हा कुणालाच माहीत नव्हती. गटातल्या एका कुटुंबात लग्नाची बोलणी चालली होती. मुलगी एकोणतीस वर्षांची, एका खासगी कंपनीत हिशेब सांभाळणारी. बाविसाव्या वर्षी आजार सुरू झाला, एकदा दाखल करावं लागलं, मग रात्री ओलान्झापिनची एक गोळी घेऊन चार वर्षं ती ठीक होती. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. आई नियमाने बैठकीला यायची, वडील कधीतरी. स्थळ होसूरच्या एका कारखान्यातल्या इंजिनियरचं. पत्रिकेतले दहा पोरुत्तम, म्हणजे आपल्याकडच्या गुणांसारखे जुळणीचे निकष, जुळले होते. आपल्याकडचे कांदेपोहे तसे तिकडे सोज्जी-बज्जी, तेही होऊन गेलं होतं. आजाराचा शब्द कुणी काढला नव्हता.

गोळीने वजन वाढतं आणि सकाळी डोळे जड राहतात. मुलाकडच्या एका बाईंनी ‘मुलगी जरा सुस्त वाटते’ असं म्हटल्याचं मध्यस्थाकडून कळलं. त्यानंतर आईने स्वयंपाकघरातल्या सुरीने गोळी अर्धी करायला सुरुवात केली. मुलीची त्याला संमती होती. वडिलांना सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना अर्थातच नाही.

समोरचे पर्याय

चित्रपटाबाबत तीन मतं पडली.

पहिलं मत जाहीर खेळाचं. हॉल घ्यायचा, भिंतीवर पोस्टर लावायचं, आजूबाजूच्या लोकांनाही बोलवायचं. जनजागृतीच्या दृष्टीने ते मोहक होतं. पण पोस्टरवर आजाराचं नाव आलं की त्या हॉलमध्ये शिरणारा प्रत्येक माणूस गल्लीच्या नजरेत ‘त्या घरातला’ ठरतो. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे, पण शेजाऱ्याच्या नजरेला कायदा लागू होत नाही. जाहीर खेळासाठी हक्कधारकाची परवानगी काढावी लागली असती, तो भाग वेगळा. हा पर्याय लवकर बाद झाला.

दुसरं मत होतं की गटापुरता, दार लावून, पूर्ण चित्रपट पाहावा. तिसरं मत समाजसेविकेचं: निवडक भाग दाखवायचे, प्रत्येक भागानंतर थांबायचं आणि बोलायचं. न दाखवण्याचा पर्याय एका बाईंनी सुचवला होता, पण त्यांनीच तो मागे घेतला. घरी मुलगा मोबाईलवर काहीबाही पाहतोच, इथे निदान बोलायला माणसं असतील, असं त्या म्हणाल्या.

इथे गटाने एक चांगलं केलं. काहीही ठरवण्याआधी चार जणांनी चित्रपट आधी पाहायचा असं ठरलं: समाजसेविका, एक शुभंकर आणि दोन शुभार्थी बायका. दोघींपैकी एकीला गटात सगळे टेलर अक्का म्हणतात. लग्नानंतर वर्षभरात आजार उघडा पडला, नवऱ्याने माहेरी आणून सोडलं, तो परत आला नाही. घटस्फोट झालेला नाही. गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्र, अजून आहे. चेन्नईत डॉ. आर. तारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि संसार मोडलेल्या बायकांचा अभ्यास केला, त्यातही हेच चित्र दिसतं: नवरा सोडून जातो, भार म्हाताऱ्या आई-वडिलांवर येतो, आणि रीतसर काडीमोड बहुतेकींच्या वाट्याला येत नाही.

चित्रपट पाहून टेलर अक्का जे म्हणाली, त्याने सगळा कार्यक्रम बदलला. ‘तो सोडून गेला नाही म्हणून लोक हळहळणार. मी रोज गोळी घेऊन मशीनवर बसते, त्याबद्दल कोण हळहळणार?’ तिचं म्हणणं होतं की चित्रपट दाखवा, पण नवऱ्याच्या त्यागावर चर्चा घेऊ नका. शेवटचा भाग दाखवू नये हेही तिनेच सुचवलं, कारण माणसं शेवट तेवढा लक्षात ठेवून घरी जातात.

माझ्या मते हे बालचंदरांवर अन्याय करणारं नाही. ते प्रेक्षकाला त्या घरात आत घेऊन जातात, हे मोठंच काम आहे. पण ज्या दाराने नेतात ते नवऱ्याचं दार आहे. मराठीत 2004 साली आलेला सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ याच्याशेजारी ठेवला तर फरक कळतो. तो डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पाठबळाने, स्किझोफ्रेनियाची समज वाढावी याच हेतूने झाला. तिथे आजारी नायकाच्या, शेषच्या, डोक्यात काय चाललंय ते आपण त्याच्या बाजूने पाहतो. मधल्या बावीस वर्षांत औषधं बदलली, कायदा बदलला, कुटुंबांचे गट उभे राहिले. 1982च्या चित्रपटाकडून या सगळ्याची अपेक्षा करणं बरोबर नाही, पण तो आज दाखवणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

काय केलं

निवडक भाग, तीन थांबे आणि शेवट नाही, असं ठरलं. पहिल्या थांब्याचा प्रश्न साधा होता: आपल्या घरात पहिल्यांदा काय वेगळं वाटलं? समाजसेविकेने आजाराचं नाव, लक्षणांची यादी वगैरे काही सांगितलं नाही.

आया आधी बोलल्या. जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी झोप आली. मुलगा रात्रभर येरझाऱ्या घालायचा. मुलगी पहाटे तीनला केस विंचरत बसायची. कुणी म्हणालं, शेजारी हसतात असं तिला वाटायचं, आणि शेजारी खरंच हसायचे, त्यामुळे आम्हालाही कळलं नाही.

त्या वेळी लग्न ठरत असलेल्या मुलीची आई कॉफीचा पेला घेऊन व्हरांड्यात गेली. मुलगी आत बाकावर होती. समाजसेविका बाहेर गेल्यावर आईने सांगितलं: तीन आठवडे गोळी अर्धीच देते आहे. आठ दिवसांपासून मुलगी दोन-तीन तासच झोपते. ऑफिसातले लोक आपल्याकडे बघून हसतात असं काल म्हणाली.

निर्णयाची पहिली खरी जागा ही. पर्याय होते: आईला परस्पर सल्ला देणं, डॉक्टरांना फोन करणं, किंवा मुलीला बाहेर बोलावणं. समाजसेविकेने मुलीला बोलावलं. तिच्याविषयीचं बोलणं तिच्यामागे होऊ नये, हे कारण. मुलगी आधी चिडली, आईवरच. मग म्हणाली, झोप येत नाही हे खरं आहे, पण अर्ध्या गोळीने डोकं हलकं वाटतं हेही खरं आहे. तिचं हे दुसरं वाक्य पुढे डॉक्टरांपर्यंत जसंच्या तसं पोचवलं गेलं, आणि ते महत्त्वाचं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी मायलेकी डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी ओरडा दिला नाही. आधी जुनी मात्रा पूर्ववत केली आणि दोन आठवड्यांनी झोप सुधारल्यावर ओलान्झापिन हळूहळू कमी करत, ज्याने वजन आणि सुस्ती सहसा कमी राहते असं ॲरिपिप्राझोल वाढवत नेलं. हा बदल लगेच का केला नाही, असं आईने विचारलं. लक्षणं डोकं वर काढत असताना औषध बदललं तर काय कशामुळे झालं हे कुणालाच कळत नाही, असं त्यांनी समजावलं. ‘डोकं जड होतं’ ही तक्रार मुलीने चार वर्षांत एकदाही सांगितली नव्हती. दर वेळी आईच बोलायची आणि आई ‘ठीक आहे’ म्हणायची.

लग्नाचं काय

गोळीचा उलगडा वडिलांसमोर झाला तेव्हा लग्नाचा प्रश्नही टेबलावर आला. वडिलांचं मत स्पष्ट होतं: आधी लग्न होऊ द्या, मग हळूहळू सांगू. आई म्हणाली, साखरपुड्यानंतर सांगू, तोवर त्यांचा जीव जडेल. मुलगी दोन दिवस काहीच बोलली नाही.

गटात येणाऱ्या एका वकिलांनी कायदा समजावला. हिंदू विवाह कायद्याचं कलम 5 मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला लग्नाची मनाई करत नाही. आजाराचं स्वरूप आणि तीव्रता लग्न-अपत्याला अयोग्य ठरवणारी असेल तर प्रश्न येतो. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने राम नारायण गुप्ता खटल्यात म्हटलं की स्किझोफ्रेनिया हे नाव लागलं एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही, आजार किती आणि कसा आहे ते पाहावं लागतं. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून लग्न लावलं तर कलम 12 खाली ते रद्द करून मागता येतं. लपवल्याचं कळल्यापासून एक वर्षाच्या आत तसा अर्ज करता येतो. टेलर अक्काच्या बाबतीत लपवलंच होतं. बैठकीत ती त्यावर काही बोलली नाही, पण मुलीला नंतर भेटली.

मुलीने ठरवलं की आपणच सांगायचं, घरच्यांनी किंवा मध्यस्थाने नाही. वडिलांसोबत ती मुलाला भेटली. डॉक्टरांनी फोनवर प्रश्नांची उत्तरं द्यायची तयारी दाखवली होती. मुलाने दोनच गोष्टी विचारल्या: मुलांना होईल का, आणि गोळी आयुष्यभर लागेल का. पहिल्याचं उत्तर आकड्यात देता आलं. साधारण लोकांत शंभरात एकाला हा आजार होतो, आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण 10 टक्के, म्हणजे न होण्याची 90. दुसऱ्याचं उत्तर तिने स्वतः दिलं: बहुतेक हो, आणि गरोदरपणात औषधाचं काय करायचं ते आधी डॉक्टरांशी ठरवावं लागेल.

परिणाम

दोन आठवड्यांनी मध्यस्थाचा निरोप आला: दुसऱ्या ज्योतिषाला दाखवलं, पत्रिका जुळत नाही. पोरुत्तम दहाच्या दहा होते, त्यातला एकही हलला नव्हता.

मुलीची झोप महिनाभरात रुळावर आली, ऑफिसातल्या हसण्याचा विषय थांबला, दाखल करावं लागलं नाही. नव्या औषधावर तिचं वजन थोडं उतरलं. ती कामावर जाते. किंमतही मोजावी लागली. मध्यस्थाकडून बातमी नात्यात पसरली, आणि एका मावशीने फोन करून ‘आधीच सांगायचं होतं ना’ असं सुनावलं. वडील गटावर नाराज आहेत. त्यांच्या लेखी चित्रपट दाखवला म्हणून स्थळ गेलं.

तसं म्हणता येईल का? चित्रपट नसता तर आईने त्या रविवारी सांगितलं नसतं, हे बहुतेक खरं. पण मुलीची झोप ज्या वेगाने उडत होती ते पाहता पुढच्या पंधरा दिवसांत ती गोष्ट आपोआप बाहेर आली असती, आणि कदाचित दवाखान्याच्या दारात. चित्रपटाने काही शिकवलं असंही मला वाटत नाही. दुसऱ्या कुणाच्या घरातली गोष्ट समोर होती, म्हणून आईला आपल्या घरातली काढता आली. ‘पहिल्यांदा काय वेगळं वाटलं’ हा प्रश्न नुसताच विचारला असता तर ती बोलली असती का, याबद्दल मला शंका आहे.

निर्णयाच्या जागा आणि काय वेगळं करता आलं असतं

आधी पाहणाऱ्या चौघांत दोन शुभार्थी होत्या हे योग्यच. पण दोघीही लग्नाच्या अनुभवातून गेलेल्या. जिचं लग्न अजून व्हायचं आहे अशी एकही नव्हती. कथा लग्नाची असताना, पाहणाऱ्यांत कुणाला ती सगळ्यात जवळून लागेल याचा विचार झाला नाही. ‘घरात सध्या लग्नाची बोलणी चालू आहेत का’ असा एक प्रश्न आधी सगळ्यांना खासगीत विचारला असता, तरी पुरलं असतं.

शुभंकर आणि शुभार्थी एका वर्गात बसवायचे की नाही, यावर गटात अजून एकमत नाही. एकत्र बसल्याने आईला बाहेर जावं लागलं आणि मुलीला आत राहावं लागलं. पहिला तास वेगळा आणि दुसरा एकत्र, असं समाजसेविका आता सुचवते. टेलर अक्काला ते मान्य नाही. वेगळं बसवलं की शुभंकर पुन्हा आमच्याबद्दल आमच्यामागे बोलायला लागतील, असं ती म्हणते. मला दोघींचंही पटतं, पण निवड करायची तर मी अक्काच्या बाजूने जाईन.

सांगण्याची वेळ हा सगळ्यात अवघड मुद्दा. सोज्जी-बज्जी होऊन गेल्यावर सांगितलं, म्हणजे दोन्ही घरांत आशा वाढलेली होती. मुलीचंच म्हणणं आहे की गडबड झाली: जुनी मात्रा पुन्हा सुरू होऊन दहा दिवसही झाले नव्हते आणि ती नीट झोपतही नव्हती, तेव्हा ती मुलाला भेटली. तिला स्वतःला शांतपणे बोलता येईल इतकं बरं वाटेपर्यंत थांबता आलं असतं. मध्यस्थाला ‘पुढचा महिना’ सांगणं अशक्य नव्हतं. वडिलांना घाई होती कारण मुहूर्त.

डॉक्टरांच्या भेटीत कोण बोलतं, ही जागा चित्रपटाशी संबंधित नाही, पण या प्रकरणातली सगळ्यात स्वस्तात सुधारता येण्यासारखी तीच होती. चार वर्षांत एकदा जरी पाच मिनिटं मुलीशी एकटीने बोलणं झालं असतं, तर औषध बदलण्याचा विचार तेव्हाच झाला असता आणि सुरीने गोळी कापायची वेळ आली नसती.

पुढच्या मे महिन्यात गटाने चित्रपट ठेवलेला नाही, लग्न आणि कायदा यावर त्याच वकिलांना बोलावलं आहे. वडील अजून बैठकीला येत नाहीत, पण आईच्या हाती चिठ्ठीवर प्रश्न लिहून पाठवतात. मागच्या वेळचा प्रश्न होता: धाकट्या मुलाचं स्थळ पाहताना बहिणीच्या आजाराबद्दल सांगणं भाग आहे का? त्यावर मुलगी म्हणाली, अप्पांनी आधी मला विचारावं. चिठ्ठीचं उत्तर गटाने अजून दिलेलं नाही.